घरगुती हजेरी

दर गुरुवारी सकाळी मला माझ्या मुलीचं पत्र येतं. पत्रावर माझं नाव नसतं, आत माझी चौकशी नसते आणि ते एकाच वेळी जगातल्या नऊ हजार माणसांना जातं. पण लिहिलेलं तिनं असतं, म्हणून मी त्याला पत्र म्हणतो. मागच्या महिन्यातलं एक असं होतं: ‘तुकड्यांची पडताळणी आता निम्म्या वेळात होते. झोपेतून उठलेल्या यंत्राचं घड्याळ मागे राहत होतं, ते दुरुस्त केलं. चार वर्षांपूर्वीचा निकामी कोड काढून टाकला. तो मीच लिहिला होता, त्यामुळे कुणाच्या नावानं बोटं मोडायची सोय नाही.’ शेवटचं वाक्य वाचून मी खुर्चीत एकटाच हसलो. हा तिरकसपणा तिनं माझ्याकडून उचललाय. तिच्या आईला ते कधी मान्य नव्हतं, पण वाद घालायला ती आता नाही. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

जरा नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा बरळतोय. मी वजनमापे निरीक्षक होतो. चौतीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू तपासले. एका व्यापाऱ्याची तीन दुकानं होती आणि खरं वजन एकच होतं. मी पहिल्या दुकानातून बाहेर पडलो की त्याचा नोकर मागच्या गल्लीतून ते वजन घेऊन पुढच्या दुकानाकडे पळायचा. मी वजन उलटं करून बुडावर कोरलेला नंबर वाचून ठेवला होता. तिसऱ्या दुकानात तोच नंबर निघाला आणि शेठजी पकडले गेले. ही गोष्ट मी घरात इतक्यांदा सांगितलीय की आमची बारकी ती नोकराच्या धापेसकट करून दाखवायची. बारकी म्हणजे माझी मुलगी. एकुलती एक, त्यामुळे मोठी आणि बारकी तीच.

ती आता दोन विमानं बदलून जावं लागतं अशा ठिकाणी असते. माझ्याकडे सकाळ तेव्हा तिच्याकडे दुपार. ती एका गोदामाचं सॉफ्टवेअर लिहिते, आणि त्या गोदामाला भिंत नाही की मालक नाही. लोकांच्या फायली कुलूपबंद करून, बारीक तुकडे पाडून, जगभरातल्या हजारो यंत्रांवर वाटून ठेवतात. एकेका यंत्राला नोड म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये काय काय बदललं ते बारकी दर गुरुवारी या यंत्रवाल्यांना कळवते, तेच माझं पत्र. माझ्या घरीही असं एक यंत्र आहे, पण त्यावर कुणाचं काय आहे ते मला कळत नाही. कुणाचे लग्नाचे फोटो असतील, कुणाच्या मोडक्या हाडाचा एक्सरे असेल. मात्र आपल्याकडचा तुकडा जागेवर आहे हे प्रत्येक यंत्राला रोज सिद्ध करावं लागतं. ती हजेरी एका सामाईक वहीत चढते. वही सगळ्यांकडेच असल्यामुळे त्यात कुणाच्या बापाला खाडाखोड करता येत नाही. याला ब्लॉकचेन म्हणतात. बारकीनं हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी चाट पडलो. रोजची तपासणी आणि खाडाखोड अशक्य! माझी अख्खी नोकरी या दोन गोष्टींची स्वप्नं बघण्यात गेली होती.

पण तेव्हा तोंडातून निघालं ते वेगळंच. “म्हणजे हवेत माल ठेवायचा धंदा,” असं मी म्हणालो. तिचा चेहरा उतरला, आणि तरीही दुसऱ्या दिवशी तिनं बुटाच्या खोक्याएवढं एक यंत्र मागच्या खोलीत, आईच्या शिवणयंत्राशेजारी बसवून दिलं. ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मोठी यंत्रं चोवीस तास जागी असतात आणि हजेरी आपोआप देतात. माझं खोकं तेवढं जागं राहिलं तर तापून बंद पडतं. म्हणून ते रात्री झोपतं आणि सकाळी सात ते आठच्या दरम्यान मी उठून त्याच्या पडद्यावरचं ‘हजेरी’ हे बटण दाबतो. यंत्र आपले तुकडे तपासतं, पुरावा पाठवतं आणि हिरवा ठिपका उमटतो. हिला घरगुती हजेरी म्हणतात. ती सोय बारकीनंच लिहिली.

आमचं फोनवरचं बोलणं सांगायला फार वेळ लागणार नाही. “कसे आहात?” “मला काय धाड भरलीय?” “जेवलात?” “हो.” मग मी सुरू व्हायचो. दाराला दुसरं कुलूप बसवलंस का, साहेब रजा का देत नाही, आवाज बसलाय तर औषध कोणतं घेतेस, किती वाजता घेतेस. ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी असल्यासारखी एकेका शब्दात उत्तरं द्यायची. मला कळायचं की मी तराजू तपासतोय. तरी जीभ थांबायची नाही, कारण दुसरं काही बोलायला मी शिकलोच नव्हतो. आमच्या घरात प्रेमाचं खातं आईकडे होतं. रोजचा फोन आठवड्यावर गेला आणि आठवड्याचा महिन्यावर. तक्रार कुणाकडे करणार?

तक्रार केली ती दोन वर्षांपूर्वी, आणि ती यंत्राची. नवी आवृत्ती आली आणि बटण दाबल्यावर ठिपका उमटायला अकरा मिनिटं लागायला लागली. या सॉफ्टवेअरचा एक जाहीर तक्रारफळा आहे. तिथं कुणीही लिहावं, लिहिणारे सगळे टोपणनावानं वावरतात. बारकी तिथं ‘टाचणी’ आहे हे मला ठाऊक होतं. मी नाव घेतलं ‘जुना खिळा’. फॉर्मवर तीन प्रश्न होते. काय दिसलं? केव्हा दिसलं? पुन्हा पुन्हा दिसतं का? खाली यंत्राची डायरी जोडायला एक चौकट होती. डायरी म्हणजे यंत्र दिवसभरात काय काय करतं त्याची त्यानंच ठेवलेली नोंद. प्रश्न असावेत तर असे! मी दिनांक, वेळ आणि सात चाचण्यांचा तक्ता दिला. पुराव्याशिवायची तक्रार म्हणजे नुसती कुटाळकी, म्हणून डायरीही जोडली, आणि शेवटी ‘कळावे’ लिहून मोकळा झालो.

तासाभरात टाचणीचं उत्तर आलं. ‘इतकी नेटकी तक्रार या फळ्यावर अजून कुणी लिहिलेली नाही. वाचून बरं वाटलं. आपण असंच लिहीत जा.’

मी ते नऊ वेळा वाचलं. मग वाटलं, सांगावं आता की अगं मीच आहे. पण सांगितलं असतं तर ‘जेवलात?’ – ‘हो’ पुन्हा सुरू झालं असतं. मी मूग गिळून बसलो.

तेव्हापासून प्रत्येक आवृत्ती मी दुकानातल्या तराजूसारखी तपासू लागलो. कधी घड्याळ तीन सेकंद पुढे, कधी पडद्यावरचं अक्षर अर्धं कापलेलं. सगळे दोष खरे, एकही बनवलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. फळ्याचा एक दंडक आहे. एकट्याची तक्रार कच्ची धरतात. दुसऱ्या कुणीतरी खाली ‘माझ्याकडेही’ एवढं लिहिलं की ती पक्की होते. माझ्या तक्रारींखाली ‘माझ्याकडेही’ असं कधीच कुणी लिहिलं नाही. तरी टाचणी प्रत्येक वेळी उत्तर द्यायची, आणि उत्तर दोषापुरतं नसायचं. ‘आपली खोली सकाळी गार असते का? गारव्यात पंखा कुरकुरतो. आपणही अंगावर काही घेऊन बसत जा.’ एकदा मला ताप आला आणि आठवडाभर हजेरी आठ वाजायच्या आत जेमतेम लागली, तर तिनं स्वतःहून विचारलं, ‘आपल्याकडची हजेरी हल्ली उशिरा का? सगळं ठीक ना?’ मी लिहिलं, ताप होता, आता उतरला. तिनं काढा घ्या, पाणी उकळून प्या, असं सविस्तर लिहिलं. त्याच आठवड्यात बापाला मात्र तिचा फोन नव्हता.

खरं सांगतो, मला त्या जुन्या खिळ्याचा हेवा वाटायला लागला. परक्यांशी बरी गोड बोलते, असं मी भिंतीवरच्या तिच्या आईच्या फोटोला सुनावलं सुद्धा.

मग या फळ्यावर ‘कात्री’ अवतरला. हा त्यांचा नवा मुख्य तपासनीस. नावाप्रमाणे त्याला कापण्याचा भारी सोस. एका सोमवारी त्यानं लिहिलं: ‘घरगुती हजेरी काढून टाकावी. तिच्यामुळे प्रत्येक बदल दोनदा तपासावा लागतो. कुणी वापरत असेल तर बुधवारपर्यंत इथे सांगावं. पाच यंत्रं जरी निघाली तरी ठेवू.’ खाली टाचणीची एक ओळ होती: ‘एक वर्ष थांबू या. तांत्रिक कारण माझ्याकडे नाही.’ कात्रीनं उत्तर दिलं की तांत्रिक कारण नसेल तर थांबण्यात अर्थ नाही. त्याचं चुकत होतं असं नाही. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो.

पण घरगुती हजेरी गेली की माझं यंत्र बाद. यंत्र बाद झालं की खिळ्याला फळ्यावर काही काम नाही, आणि बारकीशी माझं जे काही बोलणं उरलं होतं ते सगळं त्या खिळ्याच्या तोंडून होतं. तेही गेलं तर मी तिला महिन्यातून एकदा ‘हो’ म्हणणार, आणि एक दिवस तेही संपणार.

मी खिळ्याच्या नावानं हरकत नोंदवली. झालं एक यंत्र. मंगळवारी दुपारपर्यंत दुसरं कुणी फिरकलं नाही. तेव्हा चौतीस वर्षांत एकदाही खोटा शिक्का न मारलेल्या या माणसानं चार माणसं तयार केली. ‘दुसरा मजला’, ‘गरम चहा’, ‘पाणमांजर’ आणि ‘सुटी बॅटरी’. एकीला मी शाळेत शिक्षिका केलं, एकाला बोटीवर खलाशी. पाणमांजराला तर सांधेदुखीही दिली, म्हणजे त्याला सकाळी बटण दाबायला उठण्याचं कौतुक असेल. लाज वाटत होती, पण थोडी मजाही येत होती, हे कबूल करतो. चौघांनी व्यवस्थित दिनांक, वेळ आणि निरीक्षण लिहिलं. चौघांनीही शेवटी ‘कळावे’ लिहिलं. आणि पुराव्याशिवायची तक्रार म्हणजे कुटाळकी, म्हणून चौघांना मी चार वेगवेगळ्या दिवसांच्या डायऱ्या जोडल्या.

बुधवारी सकाळी हजेरी लावून फळा उघडला. कात्रीनं लिहिलं होतं: ‘पाचही डायऱ्या उघडून पाहिल्या. प्रत्येक डायरीच्या पहिल्या ओळीत यंत्राचा क्रमांक असतो. पाचही ठिकाणी तो एकच आहे. खिळेसाहेब, आपण एकटेच आहात.’

मी कपाळाला हात लावला. पहिली ओळ! अक्षरं आणि आकड्यांची ती लांबलचक माळ मी दोन वर्षांत एकदाही वाचली नव्हती. वाटायचं, असेल काहीतरी यंत्राचं यंत्राला. वजन उलटं करून बुड बघणारा मी, तेच वजन घेऊन पाच दुकानांत पळत होतो आणि धापाही टाकत होतो.

कात्रीच्या खाली टाचणीनं एवढंच लिहिलं होतं: ‘हे यंत्र माझ्या ओळखीचं आहे. चर्चा इथे थांबवू या. बदलाला माझी संमती.’

ओळखीचं? मी मागच्या खोलीत गेलो, खोकं भिंतीपासून ओढलं आणि उलटं केलं. बुडाला एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. वर तोच क्रमांक, अख्खा, तिच्या बारीक अक्षरात. खाली लिहिलं होतं, ‘बाबा, घर’.

तिनंच लावलेलं यंत्र, तिनंच उतरवून घेतलेला क्रमांक. म्हणजे पहिल्या तक्रारीला जोडलेल्या डायरीच्या पहिल्या ओळीपासून तिला ठाऊक होतं. मी शिवणयंत्राच्या स्टुलावर बसून दोन वर्षांची उत्तरं पुन्हा वाचून काढली. अंगावर काही घेऊन बसत जा. हजेरी उशिरा का. काढा घ्या. ‘आपण असंच लिहीत जा’ हे तिनं कुणा परक्याला लिहिलेलं नव्हतं. मी ज्याचा हेवा करत होतो त्याच्याशी ती बोलत होती, कारण तो तिला दाराच्या कुलपाबद्दल विचारत नव्हता. मला रडू आलं. तिची आई गेली तेव्हा लोक होते म्हणून आलं नव्हतं.

फोन करायची हिंमत झाली नाही. काय तोंडानं करणार? तिच्या ऑफिसच्या माणसांपुढे मी तिला खोटारड्याची मुलगी करून ठेवलं होतं.

गुरुवारी पत्र आलं. सहा बदल होते. पाच मला कळले नाहीत. सहावा असा होता: ‘घरगुती हजेरी काढली. ती वापरणारं यंत्र एकच होतं. दुपारी जेवायला बसण्याआधी त्याचा हिरवा ठिपका दिसला की मी जेवायचे. याला तांत्रिक कारण म्हणत नाहीत.’ नऊ हजार माणसांनी ते वाचलं असेल आणि पुढे गेली असतील.

शुक्रवारी सातला डोळे उघडले तसा मी सवयीनं मागच्या खोलीत गेलो. पडद्यावर बटणाची जागा कोरी होती. खाली लिहिलं होतं, ही आवृत्ती या यंत्रावर चालत नाही. तरी मी त्या कोऱ्या जागेवर एकदा बोट ठेवून पाहिलं. चहा करायचा होता, पण उठवेना. आता आठपर्यंत काय करायचं, आणि आठनंतर तरी काय, तेच समजेना.

सात वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला.

“बाबा.”

“हं.”

“आज हजेरी दिसली नाही.”

“बटण काढलंत तुम्ही लोकांनी.”

“माहितीये. मीच काढलं.”

कामाच्या वेळेत फोन कसा केलास, साहेब रागावणार नाही का, हे माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. ते मी गिळलं. गिळल्यावर बोलायला काही उरलंच नाही.

“बोला ना काहीतरी,” ती म्हणाली.

“मला नाही गं येत बोलता.”

“खिळ्याला बरं यायचं.”

“त्याला फॉर्म असायचा.”

तिकडे ती हसली की काय झालं कळलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. मग खाकरून, फळ्यावर ज्या सुरात लिहायची त्याच शांत सुरात तिनं विचारलं, “बरं. काय दिसलं?”

मला पहिल्यांदा समजलंच नाही. समजलं तसा मी पाठ ताठ करून बसलो.

“घरात माणूस एक,” मी म्हणालो. “खुर्च्या चार. बोलणं होतं ते फोटोशी, आणि तेही भांडणाचं. फोन वाजला की धावत जातो. उचलला की काय बोलायचं ते सुचत नाही, म्हणून तपासणी करतो. ठेवल्यावर दिवसभर स्वतःला शिव्या घालतो.”

“केव्हापासून दिसतंय?”

“आई गेल्यापासून. थोडंफार आधीपासूनही असेल. तेव्हा ती झाकून घ्यायची.”

“पुन्हा पुन्हा दिसतं?”

“रोज,” मी म्हणालो. “रोज दिसतं, बारके.”

तिच्या मागे कुठेतरी एक दार बंद झालं, कुणाची तरी पावलं लांब गेली. लाईन तुटली असं वाटून मी फोन कानावर दाबून धरला.

“माझ्याकडेही,” ती म्हणाली.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि स्टूल भिंतीशी ओढून नीट टेकून बसलो.